सात गावांची हमी

बिघडक्या मोटारीचा अभिमान बाळगणारा माणूस या पृथ्वीवर एकच होऊन गेला आणि तो माझा मामा होता, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. नव्या गाडीची मिजास पुष्कळजण करतात. आमचे मामाजी मात्र आपली गाडी कुठे कुठे बंद पडली हे अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला आपली गाडी सुरळीत चालते याची लाज वाटावी. आंधळगावला त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, होती, हंगामात आजूबाजूचं धान घेऊन गिरणीला घालायचा जोडधंदा होता, आणि सत्तर सालानंतर केव्हातरी जंगलाच्या एका ठेकेदाराकडून घेतलेली ही मोटार होती. ठेकेदाराकडून आली म्हणून तिचं नाव ठेकेदारीण. ती मुळात कोणत्या कंपनीची हे मी सांगणार नाही, कारण त्यात कंपनीवर अन्याय होईल. मी पाहिली तेव्हा तिच्यात कंपनीचं असं फारच थोडं उरलं होतं. मागच्या सीटमध्ये स्प्रिंगांच्या जागी धानाचं तणस, म्हणजे पेंढा, भरलेलं होतं, डावा दरवाजा सागाच्या फळीचा होता, पेट्रोलच्या टाकीला मामींच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण होतं, आणि आरसा मामाजींचा दाढीचा होता. त्यामुळे दाढी करायची झाली की मामाजी साबण-वस्तरा घेऊन गाडीपाशी जात.

मामाजींचा विश्वास फक्त आपल्या दातांवर होता. धानाचा व्यापारी पोत्यात हात घालतो, दोन दाणे काढतो आणि दाढेखाली धरतो. कट्‌ असा आवाज आला तर धान वाळलेलं, नुसतंच दबलं तर ओलं. ही परीक्षा मामाजींनी धानापुरती ठेवली नाही. बाजारात ते साबण चावून बघत, दोरखंड चावून बघत, आणि एकदा सोनाराच्या दुकानात त्यांनी दुसऱ्याच गिऱ्हाइकाची अंगठी चावून, "घेऊन टाका जी, चांगली हाय," असं सांगितल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, सुमनचं, लग्न जमवायला आम्ही बिलासपूरला गेलो तेव्हा पाहुणे पोहे खात होते आणि मामाजी आतल्या कोठीपाशी जाऊन कच्चे तांदूळ चावत होते. बाहेर येऊन त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "भाचेबुवा, ज्या घरचा तांदूळ वाळलेला, त्या घरी पोरगी द्याले हरकत नाही." मुलगा काय करतो हे त्यांनी परतीच्या गाडीत विचारलं.

मला ते भाचेबुवा म्हणत आणि अहोजाहो करत. वयाने मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण आमच्या भागात भाच्याच्या पाया मामाने पडायचं असतं. मी भंडाऱ्याच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो, आणि हा पांढऱ्या मिशांचा माणूस भर रस्त्यात माझ्या पायांना हात लावायचा तेव्हा माझे विद्यार्थी माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागत. भाच्याचा शब्द मोडायचा नाही हा त्यांचा नियम होता. मोडायचाच असेल तर आधी पाया पडून घ्यायचं, ही त्यातली त्यांनी स्वतः काढलेली सवलत होती.

गाडी बंद पडली असं मामाजींनी कधी म्हटलं नाही. "बंद नाही पडली जी, थांबली हाय." ती थांबली की ते उतरत, जवळच्या विहिरीवर पाय धूत आणि दिसेल त्या घराच्या ओसरीवर जाऊन बसत. नाव काय, बांध्या किती, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला का, पोरीचं जमलं का, एवढं विचारून होईपर्यंत चहा येई. चहा झाला की घरधनी स्वतःच विचारी, "तुमच्या मोटारीले काय झालं जी?" अशा रीतीने आंधळगाव ते वरठी या रस्त्यावरच्या सातही गावांत तिची एकेक दुखणी जाणणारी माणसं तयार झाली होती. एका गावचा लोहार तिच्या सायलेन्सरचा माहीतगार होता. दुसऱ्या गावात शेतावरचे पंप दुरुस्त करणारा एकजण तिच्या कार्बोरेटरची नस ओळखून होता. वरठीच्या अलीकडच्या गावात भज्यांचं दुकान चालवणारी एक विधवा बाई होती, ती गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून गळती थांबवायची आणि वर "आता तिले उन्हात उभी नका ठेवू," असं पथ्यही सांगायची. मोहाडीजवळचे एक म्हातारे कोतवाल तर गाडीला हातही लावत नसत. ते नुसते पुढे उभे राहून तिला दोन शब्द सुनवायचे, आणि ती कधीकधी सुरू व्हायची.

हे सगळं ठीक होतं, पण सुमनच्या पहिल्या दिवाळीला ठेकेदारणीने घात केला. जावई आणि सुमन वरठी स्टेशनवर उतरले, आणि मामाजी पाच तास कुठल्यातरी ओसरीवर गप्पा मारत बसले. पोर ट्रंकेवर बसून राहिली. तिचे सासरे, म्हणजे मामाजींचे इवाई, रेल्वेत गार्ड होते. ज्या माणसाने जन्मभर घड्याळ पाहून हिरवं निशाण हलवलं, त्याला हे कसं रुचावं? त्यांनी तेव्हा काही म्हटलं नाही. पण पुढे सुमनला दिवस गेले, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून मामींनी निरोप धाडला, तेव्हा त्यांचं कार्ड आलं. एस.टी.चे धक्के आणि बैलगाडीचे हिसके सूनबाईस या स्थितीत सोसणार नाहीत. तुमच्या मोटारीचा आम्हास अनुभव आहे. सबब मोटार वाटेत दगा देणार नाही अशी लेखी हमी असल्यास सातव्या महिन्यात पाठवू, अन्यथा बाळंतपण येथेच करू. खाली सही, आणि सहीखाली तारीख-वेळसुद्धा.

मामींनी ते कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. जुन्या लुगड्यांची दुपटी त्यांनी कधीचीच शिवून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता, आणि ज्या खोलीत सुमन वाढली होती तिला नवा गिलावा करून घेतला होता. एकच मुलगी, आणि तिचं पहिलं बाळ परक्या मुलखात व्हायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. त्या मामाजींना म्हणाल्या, "पोरगी तिकडं बाळंत झाली तं मी तुमच्या या ठेकेदारणीले बोडीत ढकलून देईन." बोडी म्हणजे घरामागचं तळं. मामाजींनी तळ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला काळजी दिसली.

लेखी हमी देणारा एक माणूस होता. भंडाऱ्याच्या ज्या गॅरेजवाल्याने मागच्या दसऱ्याला ठेकेदारणीचं इंजिन खोललं होतं, त्याने सहा महिन्यांची हमी दिली होती. तिची मुदत संपत आली होती. आणखी एक वर्ष वाढवून देतो, म्हणाला. भाव जबर होता, पण छापील कागद होता, शिक्का होता, वर मोटारीचं चित्रसुद्धा होतं. मला तो कागद फार आवडला. छापलेल्या गोष्टीवर माझी तेव्हा फार श्रद्धा होती. मी मामाजींना स्वच्छ सांगितलं, डोळे मिटून ही हमी घेऊन टाका. इवाईबुवांना हाच कागद दाखवता येईल. गॅरेजवाल्याने आठ दिवसांची सवड दिली, आणि मामाजी कागदाचा नमुना खिशात घालून आठ दिवस फिरले. जेवताना तो ताटाशेजारी असे. बांधीवर गेले तर धोतराच्या सोग्यात असे. दर भेटीत ते माझ्याकडून एकेक कलम वाचून घेत आणि मान हलवत. चौथं कलम असं होतं की गाडीत बिघाड झाल्यास ती मालकाने स्वखर्चाने गॅरेजात आणून द्यावी. ते ऐकून मामाजींनी मान हलवायची थांबवली.

"मले एक सांगा भाचेबुवा. चालून राहिली असन तं तिथं नेऊ कायले? अन बंद पडली असन तं नेऊ कशी?"

मी म्हणालो, कायद्याची भाषा अशीच असते. मग मी पाचवं कलम वाचलं. हमीच्या काळात दुसऱ्या कोणाचाही हात गाडीला लागल्यास हमी रद्द समजावी. मामाजींनी ते पुन्हा वाचायला लावलं. लोहाराचा नाही? नाही. भज्यावालीची हळद नाही? मुळीच नाही. कोतवाल तर हात लावत नाही, नुसता बोलते. मी म्हणालो, तेवढं चालेल बहुधा. मामाजींनी कागद माझ्या हातून घेतला, त्याचा एक कोपरा दाढेखाली धरला आणि डोळे मिटून सावकाश चावला. ओसरीवर मामी होत्या, मी होतो. त्यांनी कोपरा बाहेर काढला आणि म्हणाले, "ओलं हाय." मग ते उठले, माझ्या पाया पडले, आणि मी समजलो की माझा शब्द मोडला गेला.

मामी त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर मीही रागावलो होतो. शिक्क्याचा कागद नाकारून हा माणूस आपल्या मुलीचं माहेर बुडवतो आहे, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी, रविवारी, मामाजी भल्या सकाळी भंडाऱ्याला माझ्या खोलीवर आले. अर्थात गाडी वाटेत सोडून, सायकलवर. म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं हाय. एक कागद लिहा." मी लिहिला. तो मला अजून पाठ आहे. आम्ही खाली सह्या-अंगठे करणार लिहून देतो की, आंधळगावची मोटार आमच्या गावच्या शिवेत थांबल्यास आम्ही ती आपल्या हातांनी पुढच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील मंडळींच्या ताब्यात देऊ. दिवस असो, रात्र असो, पाऊस असो, रोवणा असो.

ते शेवटचे दोन शब्द मामाजींनी हट्टाने घालायला लावले. मी म्हणालो, सुमन फाल्गुनात यायची, तेव्हा कुठला रोवणा? तर म्हणाले, पोरगी का एकदाच येईन? त्या दोन शब्दांनी मोठी पंचाईत केली. आंधळगावच्या शिवेची सही मामाजींनी स्वतः केली, आणि आम्ही दोघं सायकलींनी गावोगाव फिरलो. लोहाराने हसत सही केली, पंपवाल्याने केली, पण कोतवाल अडले. रोवण्याच्या दिवसांत चिखलातून बाहेर पडून मोटार ढकलायला माणूस मिळणार नाही, जे होणार नाही ते मी लिहून कसं देऊ, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तो कागद जितक्या गांभीर्याने घेतला तितका मी शाळेचा ठरावसुद्धा कधी घेतला नव्हता. अर्धा दिवस आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो. शेवटी त्यांनी आपल्या मुलाला आणि पुतण्याला बोलावलं, "माह्या नावावर तुमी जाल का?" असं विचारलं, ते हो म्हणाले, आणि मगच अंगठा टेकवला. भज्यावाली बाईने अंगठा दिला आणि विचारलं, "पोरीले सातवा का? मंग तिले भजे नाही देत मी, तेलकट होते." मोहाडीचा रस्ता उतरताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी बरं काम करतो आहोत.

कागद बिलासपूरला गेला. मी मनातून खात्रीने धरून होतो की गार्डसाहेब तो परत पाठवतील, आणि सोबत चार कडक ओळी. आठवड्याने कार्ड आलं. आपला कागद पावला. आमच्या लाइनीवरही गाडी याच रीतीने चालते. एक स्टेशन ती पुढच्या स्टेशनाच्या ताब्यात देते व तसे लिहून घेते. इंजिनावर आमचाही फारसा भरवसा नसतो. सूनबाईस घेऊन मी स्वतः येत आहे. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मामी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आता तरी जेवाले बसा." मामाजी बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.

सुमन यायच्या दिवशी ठेकेदारीण जशी चालली तशी ती आधी कधी चालली नव्हती. आम्ही वेळेच्या तासभर आधी वरठीला पोचलो. मामाजी अस्वस्थ झाले, एवढा वेळ स्टेशनवर काय करायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. गाडी आली, सुमन उतरली, तिच्यामागे गार्डसाहेब उतरले. सुमनला तणसाच्या सीटवर मामींशेजारी बसवलं. गार्डसाहेब पुढे बसले, खिशातून तो कागद काढून मांडीवर पसरला, हातात पेन्सिल आणि घड्याळ. मी मागच्या कोपऱ्यात. पहिल्या शिवेवर पाहतो तर भज्यावाली बाई दहा-बारा माणसांना घेऊन उभी, हातात दोर. आणि गाडी भरधाव, इंजिनाचा आवाज धान चावल्यासारखा टणक. त्या लोकांचे चेहरे उतरताना मी पाहिले. मामाजींनीही पाहिले. त्यांचा हात हळूच खाली गेला आणि त्यांनी चावी फिरवली. ठेकेदारीण थांबली. गार्डसाहेबांनी घड्याळ पाहून कागदावर खूण केली. मामींनी त्यांना चावी फिरवताना पाहिलं होतं, त्या मला म्हणाल्या, "पाहा तुमचे मामा."

माणसांनी गाडी ढकलली, गावातून नेली. बाईने सुमनची तांदळाने ओटी भरली, आणि शिवेपर्यंत ढकलता ढकलताच गाडी सुरू झाली. दुसऱ्या गावी तोच प्रकार, तिसऱ्या गावी तोच. प्रत्येक शिवेवर मामाजींचा हात खाली जायचा. चौथ्या गावी मात्र ठेकेदारणीचा मान दुखावला असावा. मामाजींनी चावी उलटी फिरवली, ढकलणाऱ्यांनी जोर केला, कोतवालांनी पुढे येऊन दोनाचे चार शब्द सुनवले, पण ती काही सुरू होईना. मामाजींच्या कपाळावर घाम आला. मामी मागून हलक्या आवाजात म्हणाल्या, "केलं ना?" अजून तीन गावं बाकी, ऊन चढत चाललेलं, सातव्या महिन्याची पोर गाडीत. गॅरेजवाल्याचा कागद असता तर त्याच्या पाचव्या कलमाने आम्ही तिथेच झाडाखाली बसून राहिलो असतो. कोतवालांनी मुलाला हाक मारली, पुतण्याला हाक मारली, आणि ज्यांनी काही लिहून दिलं नव्हतं ती माणसंही घराघरांतून बाहेर आली. गाडी चालू लागली. इंजिन बंद असल्यामुळे ती इतकी हलके चालली, की सुमनला झोप लागली. पुढच्या शिवेवर पंपवाला उभा होता, त्याने ती ताब्यात घेतली. शेवटच्या गावी लोहाराचे हात लागले, आणि तिथे गार्डसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, कोट काढून माझ्याकडे दिला आणि ते स्वतः ढकलायला उतरले. आंधळगावच्या वेशीत आम्ही शिरलो तेव्हा मागे सात गावची माणसं होती, पुढे आंधळगावातली सगळी पोरंबाळं, सुमनच्या ओटीत सात गावचे तांदूळ, आणि स्टिअरिंगवर मामाजी असे बसले होते की राजाने हत्तीवर तसं बसून दाखवावं. घरासमोर गार्डसाहेबांनी कागदावर शेवटची खूण केली, वेळ लिहिली, खाली सही केली आणि मामींना म्हणाले, "सूनबाई पोचती केली." सुमनला मुलगी झाली, त्याच गिलावा केलेल्या खोलीत. तिचा आवाज फार मोठा होता.

पुढे ठेकेदारीण गोठ्यात गेली आणि तणसाच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी शहाऐंशीच्या सुमारास एक छोटी नवी मोटार घेतली आणि मामाजींना दाखवायला आंधळगावला नेली. त्यांचे पाय तेव्हा फार थकले होते, मामी जाऊन वर्ष झालं होतं. मी हमीची छापील पुस्तिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली.

"बंद पडली तं कोण येईन?"

"कंपनीचा माणूस येईल, मामाजी."

"नाव काय त्याचं?"

मी पुस्तिका चाळली. पत्ता होता, नाव नव्हतं. मामाजींनी ती माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, चला, वरठीपर्यंत जाऊन येऊ. डांबरी रस्ता झाला होता, अर्ध्या तासात आम्ही जाऊन आलो. प्रत्येक शिवेवर ते मला गाडी हळू करायला लावत आणि एकेक माणूस सांगत. लोहार मुलाकडे नागपूरला गेला होता. कोतवाल वारले होते. भज्यावालीच्या दुकानाच्या जागी सिमेंटचं दुकान होतं. रस्त्यावर आमच्यासाठी कोणी आलं नाही, यायचं काही कारणही नव्हतं. गाडी मुळीच आवाज न करता चालली होती आणि मला तिची थोडी लाज वाटू लागली. आंधळगावची शीव आली तेव्हा मामाजी म्हणाले, "थांबवा. बंद करा." मी इंजिन बंद केलं. ते काठी टेकत उतरले, सावकाश गाडीच्या मागे गेले, आणि काठी छतावर ठेवून त्यांनी दोन्ही हात डिकीवर टेकवले. मी घाईने उतरू लागलो.

"मामाजी, हे काय करून राहिले तुमी?"

"बसा भाचेबुवा. इथली सही माही हाय."

 मी बसलो, हँडब्रेक सोडला, आणि गाडी हलली.